मेंदूतील रक्तस्राव आणि शल्यक्रियेची सहा दशके

अंगावरून वारे गेले, एवढ्याच शब्दांत महाड-पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांतून ज्या व्याधीची वासलात लावली जाई, तिच्या पोटी दोन निराळे विकार असतात. एकात मेंदूची रक्तवाहिनी बुजते आणि दुसऱ्यात ती फुटून रक्त मेंदूतच साकळते. परंतु हा भेद जिवंत रुग्णात सुलभतेने ओळखण्याचे साधन, १९७१ साली लंडनच्या ॲटकिन्सन मोर्ले रुग्णालयात अभियंता हाउन्सफील्डचे सीटी स्कॅन यंत्र चालू होईपर्यंत, जगात कोणापाशीच नव्हते. त्याच रुग्णालयाचे शल्यवैद्य मॅकिसॉक यांनी दहा वर्षे आधी, १९६१ मध्ये, रक्तस्रावाच्या १८० रुग्णांची तुलना करून शस्त्रक्रियेने लाभ होत नसल्याचा निष्कर्ष मांडला होता. यंत्र आल्यावर तो पालटेल अशी आशा निर्माण झाली.

ती दीर्घकाळ फोलच ठरली. पारंपरिक रीतीत कवटीचे हाड कापून, वरचा निरोगी मेंदू चिरत गुठळीपर्यंत जावे लागते. आणि उच्च रक्तदाबाचा रक्तस्राव बहुधा खोल गाभ्यात, हातापायांच्या हालचाली चालविणाऱ्या तंतूंना खेटून होत असल्याने, जे वाचवावयाचे त्यालाच वाटेत इजा पोहोचते. २००५ च्या स्टिच चाचणीत १०३३ रुग्णांपैकी लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांत २६ टक्के, तर प्रथम औषधोपचार झालेल्यांत २४ टक्के बऱ्या स्थितीला पोहोचले. एवढ्या खटाटोपाचे हे फळ पाहून अनेक शल्यवैद्यांनी हात आखडता घेतला असल्यास त्यांना दोष देता येणार नाही.

मग वाटच अरुंद करण्याचा विचार बळावला. मिस्टी चाचणीत कवटीला लहान छिद्र पाडून गुठळीत बारीक नळी ठेवीत आणि दर आठ तासांनी तीतून एक मिलिग्रॅम अल्टेप्लेज हे औषध सोडून रक्त विरघळवीत. २०१९ मध्ये तिचा एकंदर निकाल निराशाजनक निघाला. परंतु ज्यांच्या मेंदूत १५ मिलिलिटर वा त्याहून कमी रक्त उरले त्यांची प्रकृती अधिक सुधारलेली आढळली, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासातील कळीची जागा हीच. २०२४ च्या एनरिच चाचणीत ३०० रुग्ण होते; तंतू न कापता बाजूला सारणाऱ्या नळीतून चोवीस तासांच्या आत गुठळी काढल्यावर महिन्याभरातील मृत्यूंचे प्रमाण १८ ऐवजी सुमारे ९ टक्के राहिले. लाभ मात्र पृष्ठभागाजवळच्या रक्तस्रावातच दिसला. खोल गाभ्यातल्यांना तो लाभला नाही.

शस्त्रक्रियेखेरीज रक्तदाब आवरण्याची वाटही आहे. १९७६ साली, रायगड अद्याप कुलाबा जिल्हा असताना, महाड तालुक्यातील बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झालेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाने उसळणाऱ्या रक्तदाबावर प्राझोसिनची साधी गोळी देऊन लोकांचे जीव वाचविले, ही याच तालुक्याची थोर हकीकत. मेंदूतील रक्तस्रावातही रक्तदाबाचे महत्त्व तेवढेच: २०२३ च्या इंटरॅक्ट-३ चाचणीत सात हजारांवर रुग्णांत, भारतातीलही, तो तासाभरात उतरविण्यासह काही सोप्या उपायांनी परिणाम सुधारले. परंतु रक्तवाहिनी बुजलेल्या रुग्णाचा रक्तदाब एकदम उतरविणे अपायाचे, म्हणून स्कॅन आधी हवे.

२०१२ साली जीवनदायी योजनेच्या पहिल्या टप्प्यात रायगडचा समावेश होऊन उपचारांच्या खर्चाची तजवीज झाली, २०१४ साली १०८ ची रुग्णवाहिकाही आली. तथापि मुंबई महाडहून सुमारे १७० किलोमीटर, आणि पुण्याकडचा वरंधा घाट पावसाळ्यात वारंवार बंद. तेव्हा पोलादपूरच्या रुग्णाला मध्यरात्रीही महाडातच स्कॅन व रक्तदाबाचे इंजेक्शन हमखास मिळेल, असा हुकूम नव्या नळीच्या मागणीआधी सुटला पाहिजे.