वाळणाऱ्या कपड्यांतील घर्षणविद्युत

तंजावर येथील राजवाड्याच्या आवारात सरस्वती महाल ग्रंथालय आहे. त्याची भरभराट करणारे दुसरे सरफोजी महाराज (1777–1832) हे वैद्यक व निसर्गविज्ञान यांचे मोठे जिज्ञासू होते. 1826 मध्ये बिशप हेबर यांनी तंजावरास भेट दिली. त्या प्रवासाच्या वृत्तांतात महाराजांच्या ग्रंथसंग्रहालगतच्या दालनात वायुपंप, ज्योतिषाची उपकरणे व एक विद्युत्‌यंत्र असल्याची नोंद आहे. त्या काळच्या अशा यंत्रात काचेचे नळकांडे किंवा तबकडी चामड्याच्या गादीला घासत फिरवीत आणि साठलेल्या विजेच्या ठिणग्या पाडीत. काच व गादी यांच्या जागी दोन निरनिराळी वस्त्रे आली की तीच क्रिया घरात कपडे वाळविताना घडते.

दोन भिन्न पदार्थ एकमेकांस लागून विलग झाले म्हणजे काही इलेक्ट्रॉन एकावरून दुसऱ्यावर जातात. ज्याने ते गमावले त्यावर धन, व ज्याला ते मिळाले त्यावर ऋण विद्युद्भार राहतो. विजातीय भार परस्परांस ओढतात. म्हणून मोजे सदऱ्याला चिकटून बसतात व ते सोडविताना तडतड आवाज होतो.

परंतु भार उत्पन्न होणे निराळे व तो टिकणे निराळे. धाग्यात ओलावा असल्यास भार वाहून जातो. सर्वसाधारण दमट हवेत कापूस आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे 8 टक्के पाणी धरून ठेवतो, नायलॉन सुमारे 4 टक्के, तर पॉलिएस्टर अवघे 0.4 टक्के. कावेरीकाठच्या दमट हवेत दोरीवर वाळलेल्या सुती वस्त्रांत हा त्रास सहसा आढळत नाही, तो याच कारणाने. विदर्भातील कोरड्या हिवाळ्यात, अथवा वाळवणयंत्राच्या तापलेल्या पिंपात, तो बळावतो.

उपायही यातूनच सुचतात. सुती व कृत्रिम धाग्यांचे कपडे वेगवेगळे वाळवावेत. यंत्रातून ते किंचित दमट असतानाच काढून दोरीवर टाकावेत. शेवटच्या पाण्यात कपडे मऊ करणारे द्रव्य घातल्यास त्याचा पातळ थर धाग्यावर बसतो; घर्षण कमी होते व ओलावा टिकतो. मात्र अशाने पंचे पाणी कमी टिपतात. चिकटलेल्या वस्त्राच्या आतून धातूचा हँगर फिरविल्यासही बराचसा भार निघून जातो.

एक गोष्ट कधीही करू नये. डाग काढण्यासाठी रेशमी, लोकरी किंवा कृत्रिम धाग्याचे वस्त्र पेट्रोलात घासू नये. जवळपास चूल वा दिवा नसला, तरी घर्षणाने उडालेली, हाताला जेमतेम जाणवणारी ठिणगीसुद्धा पेट्रोलच्या वाफेस पेटविण्यास पुरेशी असते. विद्युत्‌यंत्रात जी ठिणगी कौतुकाने पाहिली जाई, तीच येथे प्राणघातक ठरते.