नाडी कुठं बांधायची?

परकराची नाडी म्हणजे फार तर अर्धा सेंटीमीटर रुंदीचा गोफ. पाच-साडेपाच मीटर साडी, तिच्या निऱ्या, खोचलेला पदर, कमरेचा किल्ल्यांचा जुडगा, सगळ्यांचा भार त्याच्यावर. साहजिकच ती करकचून बांधली जाते. थोडं गणित करू. कमरेचा घेर 35 इंच धरा आणि नाडीतला ताण एक किलो वजनाएवढा. कातडीवरचा दाब काढायचा तर हा ताण कमरेच्या त्रिज्येनं आणि नाडीच्या रुंदीनं भागायचा. उत्तर येतं पाऱ्याच्या 105 मिलिमीटरच्या आसपास. कातडीतल्या केशवाहिन्यांमधलं रक्त साधारण 30 मिलिमीटरच्या दाबानं वाहतं. म्हणजे नाडी आवळलेली असेतो तिच्याखालच्या कातडीला रक्त जेमतेमच पोचतं. आता ताण तोच, कमर तीच, फक्त नाडीऐवजी पाच सेंटीमीटरची पट्टी घ्या. दाब साडेदहावर येतो.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातले विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी 1945 साली एका शोधनिबंधात धोतर कमरेला घट्ट बांधण्याच्या सवयीशी जोडलेल्या कर्करोगाची नोंद केली होती. 2024 साली वर्धा आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी दोन स्त्रियांची हकिगत प्रसिद्ध केली. नाडीखाली वर्षानुवर्षं घासून झालेली जखम पुढं कर्करोगात बदलली होती. असे रुग्ण विरळ, घाबरून जायचं कारण नाही. पण धडधाकट कमरेवर नाडी एवढं करू शकते, तर त्याच कमरेवर नाडीच्या वाटेत पोटाला पिशवी लावलेली असेल तेव्हा काय होत असेल?

पिशवी लावायची वेळ अनेक कारणांनी येते. मोठ्या आतड्याचा किंवा मूत्राशयाचा कर्करोग, विषमज्वरानं किंवा क्षयानं आतड्याला पडलेलं भोक, अपघात, बैलाचं शिंग लागणं, बाळाला जन्मतःच गुदद्वार नसणं. शल्यचिकित्सक आतड्याचं टोक पोटाच्या भिंतीतून बाहेर काढून कातडीला शिवतात. या तोंडाला स्टोमा म्हणतात. मोठ्या आतड्याचा असेल तर कोलोस्टॉमी, लहान आतड्याचा असेल तर इलिओस्टॉमी, लघवीची वाट काढली असेल तर युरोस्टॉमी. काहींचा काही महिन्यांनी पुन्हा आत घेता येतो, काहींचा कायमचा राहतो. दिसायला तो गालाच्या आतल्या बाजूसारखा लालबुंद आणि ओला. त्याला आवळून धरणारा स्नायू नसतो, म्हणून मळ येईल तसा येतो आणि चोवीस तास पिशवी लागते.

कपड्यांच्या दृष्टीनं याहून महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. स्टोमाला दुखण्याची जाणीव नसते. पट्ट्याचं बक्कल किंवा जीनचं धातूचं बटण त्याला दिवसभर कापत राहिलं तरी माणसाला पत्ता लागत नाही. संध्याकाळी पिशवीत रक्त दिसतं तेव्हा कळतं. दुसऱ्या कुठल्याही अवयवाच्या बाबतीत कपडा टोचला की शरीर सांगतं. इथं ते काम डोळ्यांनी करावं लागतं.

आता हेच सगळं आपल्या कर्जतमध्ये आणून पाहू. लोकल गाड्यांचं रायगडातलं नव्हे. अहिल्यानगर जिल्ह्याच्या दक्षिणेचं, संत गोदड महाराजांचं, ज्वारीचं आणि उन्हाचं कर्जत. इथलं नेसणं शहरी माहितीपुस्तिकांच्या हिशेबात नसतं. परदेशी पत्रकात उंच कमरेची पँट, लायक्राची चड्डी, सैल फ्रॉक असं सगळं असतं. नऊवारीचा कासोटा, धोतराचा सोगा, पायजम्याची नाडी आणि पुरुषांचा करदोडा यांच्याबद्दल चकार शब्द नाही. आणि इथलं बसणंही वेगळं. खुरपताना, चुलीपुढं, शौचाला उकिडवं. जेवायला मांडी घालून. पोटाला प्रत्येक वेळी वेगळ्या ठिकाणी घडी पडते. पिशवीची चिकट चकती नेमकी त्या घडीवर असेल, तर कितीही महागडी घ्या, ती सुटणारच.

म्हणून मला वाटतं, कपड्यांचा विचार शस्त्रक्रियेनंतर टेलरकडं जाऊन सुरू करणं म्हणजे उशीर. तो आदल्या दिवशी व्हायला हवा. शस्त्रक्रिया ठरवून होणार असेल, तर स्टोमा कुठं काढायचा याची खूण आधी पोटावर पेनानं करतात. जागा पोटाच्या उभ्या स्नायूवर हवी. बेंबी, जुना व्रण, कमरेचं हाड, घडी आणि कपडा बांधायची रेघ यांपासून लांब हवी. आणि रुग्णाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसायला हवी. त्यासाठी झोपवून, बसवून, उभं करून, वाकवून पाहतात. पण रुग्णालयाच्या हिरव्या झग्यात नाडीची रेघ कशी दिसणार? त्या दिवशी रोजचं लुगडं, रोजचं धोतर नेसून जावं, नाडीचा वळ दाखवावा, नर्सला सांगून उकिडवं बसून दाखवावं. “मॅडम, मी इथं बांधते,” एवढं वाक्य पुढची कित्येक वर्षं सोपी करतं. संकोच करू नये, हे म्हणणं सोपं आहे. सुनेसमोर किंवा मुलासमोर पोट उघडं टाकणं किती अवघड जातं हेही खरं आहे. पण ती पाच मिनिटं निभावून न्यावीत. तातडीच्या शस्त्रक्रियेत मात्र अशी सवड नसते. स्टोमा जिथं येईल तिथं येतो आणि बदलता येतो तो कपडाच.

पिशवीचा इतिहासही अशाच रोजच्या अडचणींतून घडला आहे. 1795 साली फ्रान्समधल्या एका जखमी शेतकऱ्याची अशी शस्त्रक्रिया झाली, तो चामड्याची छोटी पिशवी बांधून वावरत असे. पुढं दीडशे वर्षं रबर, धातूचे डबे, कापडाच्या घड्या असंच चाललं. डेन्मार्कमधली नर्स एलिसे सोरेन्सेन हिची बहीण शस्त्रक्रियेनंतर गळतीच्या भीतीनं घराबाहेर पडेना. तेव्हा 1954 साली एलिसेला अंगाला चिकटणारी, वापरून टाकून देता येणारी प्लॅस्टिकची पिशवी सुचली. त्यातून 1957 मध्ये कोलोप्लास्ट ही कंपनी उभी राहिली. कातडी वाचवण्याचा प्रश्न मात्र वेगळा होता. त्यावर अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकचे डॉ. रूपर्ट टर्नबुल यांना पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला उपाय सापडला तो कराया डिंकाचा. हा डिंक देणारं झाड आपलंच, कोरड्या डोंगरउतारावर उभं राहणारं पांढऱ्या खोडाचं कांडोळ. त्याची पूड ओल्या कातडीवरही धरते आणि पाणी शोषून फुगते. आजच्या चकत्या वेगळ्या पदार्थांच्या असतात, पण ओल शोषत चिकटून राहण्याची कल्पना तीच.

घट्ट कपडा घातला की पिशवी सपाट दिसेल आणि कुणाला कळणार नाही, असं बहुतेकांना वाटतं. होतं उलटं. पिशवीच्या दोन्ही भिंती एकमेकींना चिकटल्या की आत हवा उरत नाही, मळ खाली उतरत नाही, स्टोमाभोवतीच थापला जातो आणि वाट न मिळाल्यानं चकतीखाली शिरतो. कोलोस्टॉमीच्या घट्ट मळात हे हमखास. इलिओस्टॉमीत त्याहून वाईट, कारण लहान आतड्यातून येणारा पातळ मळ दिवसाला अर्धा ते एक लिटर भरतो आणि त्यात अन्न पचवणारे पाचकरस असतात. ते कातडीही पचवू लागतात. काही तासांत ती सोललेल्यासारखी होते. म्हणून पिशवी बदलताना आत थोडी हवा राहू द्यावी, आतून तेलासारखा वंगणाचा खास द्राव फिरवावा, आणि ती एक तृतीयांश भरली की रिकामी करावी. तेवढ्यावर तिचं वजन दीड-दोनशे ग्रॅम असतं. पूर्ण भरू दिली तर तिचा ओढा चकतीच्या वरच्या कडेवर येतो आणि कपड्याखालचा फुगवटाही लपत नाही.

वासाची भीती मात्र अनाठायी आहे. पिशवीचं प्लॅस्टिक अनेक पदरी असतं आणि वायू बाहेर सोडणाऱ्या छिद्राला सक्रिय कोळशाची गाळणी असते. त्या कोळशाच्या एका ग्रॅममध्ये सूक्ष्म छिद्रांचं मिळून हजारेक चौरस मीटर पृष्ठफळ असतं; गंधकाचे दुर्गंधी वायू तिथंच अडकतात. गाळणी ओली झाली की निकामी होते, म्हणून अंघोळीच्या वेळी तिच्यावर सोबत मिळणारा स्टिकर लावायचा. एरवी वास आलाच तर चकती कुठंतरी सुटली आहे, असं समजून लगेच पाहावं. अत्तर शिंपडून भागत नाही.

आता शिंप्याकडं. परकराला नाडीपाशी एक फट असते, वीतभर तरी. शिवताना ती फट स्टोमाच्या बाजूला घ्यायला सांगा आणि तिला दोन टिचबटणं लावा. परकर न सोडता हात आत जातो, पिशवी चाचपता येते, गुदमरलेली असेल तर मोकळी करता येते. नेफा काढून त्याजागी तीन इंच रुंदीची होजिअरीची पट्टी लावली तर उत्तमच. ती स्टोमाच्या वर, बेंबीच्याही वर यावी आणि पिशवी पूर्ण परकराच्या आत लोंबावी. अर्ध्यावर पट्टी आली तर पिशवीचे दोन कप्पे होतात आणि खालचा रिकामाच राहतो. कमरेवर काहीच सोसवत नसेल तर परकर सुती बंडीला जोडून घ्यावा, म्हणजे भार खांद्यावर जातो. नऊवारीची गाठ स्टोमाच्या विरुद्ध बाजूला सरकवता येते. लग्नकार्यापुरती शिवलेली नऊवारी सोयीची. निऱ्यांचा घोळ मुळातच पुढं असल्यानं साडी हा पिशवी झाकायला फार चांगला कपडा आहे. पंजाबी ड्रेसच्या चापून बसणाऱ्या लेगिंगपेक्षा सलवार बरी.

पुरुषांना सदरा बाहेर सोडायची मुभा आहे, तेवढं त्यांचं सोपं. पँट लागत असेल तर पुढं चुण्या असलेली, कमरेला दोन इंच सैल, आणि पट्ट्याऐवजी खांद्यावरून गॅलिस. करदोडा काढायचा नसेल तर तो सैल करून स्टोमाच्या खाली उतरवावा. रंगाचं म्हणाल तर बारीक चौकडी किंवा फुलांच्या कापडात फुगवट्याची सावली नजरेत भरत नाही. साध्या, चकाकत्या टेरिकॉटमध्ये लगेच भरते.

एप्रिल-मेच्या उन्हात प्लॅस्टिक घामानं पोटाला चिकटतं आणि घामोळं येतं. मलमलीची खोळ शिवून पिशवीवर चढवावी. जुन्या साडीचा, पिशवीपेक्षा चार बोटं मोठा तुकडाही पुरतो. पिशव्यांचा साठाही पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हातल्या गाडीत ठेवू नये. चकतीचा गोंद मऊ पडून खराब होतो.

राहिला आधाराचा पट्टा. पोटाच्या भिंतीला भोक पाडलेलं असतं, त्याच्या कडेनं आतडं हळूहळू बाहेर फुगू शकतं. स्टोमाशेजारचा हा हर्निया बराच आढळतो, शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही वर्षांत विशेष. इथं सुरुवातीचंच गणित उलट्या बाजूनं लागू पडतं: आतला दाब तोच राहिला तरी फुगवट्याची त्रिज्या वाढली की भिंतीवरचा ताण वाढतो, आणि ताण वाढला की फुगवटा आणखी वाढतो. शांत पडलेल्या माणसाच्या पोटात दाब पाच-सात मिलिमीटर असतो, जोरात खोकताना तो शंभराच्या घरात जातो. कांद्याची गोणी उचलताना काय होत असेल ते त्यावरून ओळखावं. पट्टा बाहेरून रुंद, सारखा आधार देतो. तो वापरल्यानं हर्निया टळतोच, असं म्हणण्याइतका भक्कम पुरावा अजून नाही. झालेल्या हर्नियाचा ओढा आणि दुखणं मात्र अनेकांचं कमी होतं.

औषधाच्या दुकानात मिळणारा बाळंतिणीचा पट्टा सरसकट गुंडाळू नये, तो पिशवीच चेपतो. स्टोमासाठीचा पट्टा मापानं घ्यावा लागतो. काहींना पिशवी बाहेर काढायला भोक असतं, पण भोक मोठं झालं तर त्यातूनच फुगवटा बाहेर येतो. सकाळी उठण्याआधी, पाठीवर झोपून, पिशवी रिकामी करून तो बांधावा, रात्री काढावा. माप घ्यायला टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणचं स्टोमा क्लिनिक किंवा मुंबईची ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया यांची मदत होते. कर्जतहून अहिल्यानगरच सत्तरेक किलोमीटर, त्यामुळं तपासणीला जाल त्याच फेरीत हेही उरकावं. स्टोमा काळा-जांभळा पडला, किंवा पोट दुखून उलट्या होताहेत आणि पिशवीत काहीच येत नाही, तर मात्र पट्टा सोडून थेट रुग्णालय गाठायचं.

पट्टे दोन लागतात, एक अंगावर आणि एक धुतलेला. आपल्याकडं असलं काही दोरीवर दिसू नये म्हणून साडीखाली वाळत घालतात. मग ते दमट राहतं आणि कातडीला बुरशी धरते. पट्टा सावलीत पण वाऱ्यावर, उघडा वाळवावा. कडक उन्हात इलास्टिक लवकर मरतं. ओढून सोडल्यावर तो मूळ लांबीवर येत नसेल, तर नवा घ्यायचा.