दगडावरची नावं वहीत उतरवताना

गटाचं दप्तर कसं ठेवायचं, हजेरी, ठराव, कर्जाच्या नोंदी, यावर आपण पुष्कळदा बोललो. आज जरा निराळ्या दप्तराबद्दल बोलू या. गावाच्या कडेला करवंदीच्या जाळीत जुन्या कबरी पडलेल्या असतात ना, त्यांच्या दप्तराबद्दल. विषय ऐकून काही जणी म्हणतील, बाई, सकाळी सकाळी कसला अभद्र विषय! पण थोडा वेळ ऐका.

आपल्या रायगड जिल्ह्याचंच उदाहरण घेते. अलिबागच्या उत्तरेला, थळ-किहीमच्या पट्ट्यात नवगाव आहे. बेने इस्रायल म्हणजे आपले मराठी बोलणारे ज्यू. त्यांची परंपरा सांगते की, फार पूर्वी त्यांच्या पूर्वजांचं गलबत इथे किनाऱ्याजवळ फुटलं. सात पुरुष आणि सात बाया तेवढ्या वाचल्या. जे बुडाले त्यांना नवगावात पुरलं, पुरुषांना एका ढिगाऱ्याखाली, बायांना दुसऱ्या. हे नेमकं कधी घडलं याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही, पण आजही जगभरातले बेने इस्रायल नवगावला आपलं मूळ ठिकाण मानतात. तिथे त्यांचं स्मारक आहे आणि कबरस्तानही.

ही माणसं कोकणात तेलाचे घाणे चालवायची. शनिवारी घाणा बंद ठेवायची, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणायचे. आडनावं तर आपल्यासारखीच, गावावरून पडलेली. किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, दिव्याचे दिवेकर. शुभकार्याला, नवसाला त्यांच्यात मलिदा करतात. पोहे, ओलं खोबरं, गूळ नाहीतर साखर. आपल्या कोणाच्या घरातला पदार्थ वाटेल की नाही?

1948 साली इस्रायल देश झाला आणि पुढच्या दोन-तीन दशकांत बहुतेक कुटुंबं तिकडे गेली. काही त्याआधीच मुंबईला गेली होती. 2011 च्या जनगणनेत साऱ्या देशात मिळून ज्यू पाच हजारांच्या आत भरले. अलिबागची इस्रायल आळी आहे, तिथलं सिनेगॉग म्हणजे त्यांचं प्रार्थनामंदिर उभं आहे. पण ज्या गावांत एकही घर उरलं नाही, तिथल्या कबरी कोणी बघायच्या? आपल्या माणसाचा दगड झाडाझुडपात हरवू नये म्हणून वर्षातून एकदा कोयता घेऊन येणारं कोणी राहिलं नाही.

कबरस्तान एका दिवसात जात नाही. आधी गवत वाढतं. मग पिंपळाचं, उंबराचं रोप भेगेत रुजतं आणि मुळं दगड दुभंगतात. पडलेला दगड कोणीतरी पायरीला, नाहीतर धुण्याला नेतं. त्यानंतर जमिनीला भाव येतो. 2020 साली भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारी घेऊन बोट सुरू झाली, तेव्हापासून अलिबाग तालुक्यात फार्महाऊससाठी लोक कशी जमीन शोधतात, ते तुम्ही बघताच आहात. मोकळी, गवत माजलेली, विचारणारं कोणी नसलेली जागा कुंपणाच्या आत जायला वेळ लागत नाही.

कायदा आहे. दफनभूमीत धर्माचा अपमान करायला किंवा कोणाच्या भावना दुखवायला घुसणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 301 नुसार गुन्हा आहे. सरकारी जमीन दफनासाठी राखून ठेवलेली असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 22 प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून ती दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. जागा नोंदणीकृत सार्वजनिक विश्वस्त संस्थेची असेल, तर विक्रीला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. पण हे सगळं तेव्हाच उपयोगी पडतं, जेव्हा ती जागा दफनभूमी आहे हे कागदावर दाखवता येतं. सातबारावर तसा उल्लेखच नसेल, तर "इथे कबरी होत्या" हे नुसतं तोंडी सांगणं उरतं. म्हणून दगडाची निगा आणि कागदाची निगा ही दोन वेगळी कामं नव्हेत.

आता आपल्याला यात काय करता येईल? माझ्या मते बचत गटाला हे काम इतर कोणापेक्षा चांगलं जमतं. वही ठेवायची सवय आपल्याला आहे, आणि गावातल्या म्हाताऱ्या बाया आपल्याशीच बोलतात. मात्र पहिली पायरी दगडाकडे जायची नाही, ज्यांची कबरस्तानं आहेत त्यांच्याकडे जायची. बेने इस्रायलांसाठी जवळच्या सिनेगॉगचे विश्वस्त, मुसलमानांसाठी मशिदीची कमिटी, ख्रिस्ती लोकांसाठी चर्च, लिंगायत किंवा गोसावी समाजासाठी त्यांची जाणती माणसं. त्यांनी हो म्हटल्यावरच आत पाय ठेवायचा. बायकांनी आत यायचं की नाही, याबद्दल काही ठिकाणी त्यांच्या रीती असतात. तिथे वाद घालायचा नाही. दगड त्यांची माणसं वाचतील, वही आपण लिहू.

ज्यूंच्या कबरस्तानात शनिवारी जात नाहीत, आत खातपीत नाहीत आणि बाहेर पडताना हात धुतात. एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. कबरीवर लहान खडे ठेवलेले दिसले तर कचरा समजून झाडू नका. आपण फूल वाहतो तसा ते खडा ठेवतात. कोणीतरी भेटून गेल्याची ती खूण असते.

जायचं ते गवत वाळल्यावर, जानेवारी ते मार्चमध्ये. पायात बूट हवेत आणि हातात काठी, कारण जांभ्याच्या खडकात फुरसं असतं. गवत कोयत्याने कापा, पेटवू नका. आगीने दगड तडकतो. झाड रुजलं असेल तर बुंध्याशी कापा, मूळ ओढून काढू नका, नाहीतर दगडही बरोबर येईल. लोखंडी ब्रश, अ‍ॅसिड, ब्लीचिंग पावडर दगडाला लावायची नाही. अक्षरं दिसावीत म्हणून तेल, पीठ किंवा खडू चोळणंही नको. चुना तर मुळीच नको. चांगल्या भावनेने दरवर्षी चुना मारत गेल्यामुळे अक्षरं बुजलेल्या कबरी कितीतरी असतात. साधं पाणी आणि मऊ ब्रश, बस्स. पडलेला दगड उभा करायला जाऊ नका, तो आहे तिथे मोजा.

अक्षर पुसट असलं तर घरातला आरसा न्या. एकीने उन्हात उभं राहून आरशाची तिरीप दगडावर बाजूने, आडवी पाडायची. समोरून उजेड पडला तर सगळं सपाट दिसतं, बाजूने पडला की खोदलेल्या रेषांत सावली बसते आणि नाव वर येतं. हे बघताना बायकांना फार मजा वाटते.

मग वही. एका कोपऱ्यापासून सुरुवात करून प्रत्येक कबरीला नंबर द्या आणि पावलांनी अंतर मोजून नकाशा काढा. दगडावर नंबर रंगवायचा नाही. पाटीवर लिहा, पाटी शेजारी ठेवा आणि फोटो काढा. मजकूर दिसतो तसाच, ओळीला ओळ लावून उतरवा. शुद्धलेखन चुकलेलं दिसलं तरी सुधारू नका. वाचता येत नाही तिथे जागा मोकळी सोडा, अंदाजाने भरू नका. याला कारण आहे. मुंबईतलं पहिलं बेने इस्रायल सिनेगॉग 1796 साली ज्यांनी बांधलं, त्यांचं नाव सॅम्युएल इझिकेल दिवेकर. तेच समाजी हसाजी दिवेकर. दोन्ही नावं एकाच माणसाची. आपण मधेच सुधारणा केली, तर शोधत येणाऱ्या नातवाला आजोबा सापडायचे नाहीत.

या समाजाच्या कबरींवर मराठी आणि हिब्रू दोन्ही लिपी असतात. हिब्रू उतरवायच्या भानगडीत पडू नका, स्वच्छ फोटो काढा, वाचणारे भेटतात. वर्ष आकड्यांत असेल तर ज्यू सालातून 3760 वजा करा. 5660 म्हणजे 1900. त्यांचं नवं वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात लागतं, त्यामुळे एखाद्या वर्षाचा फरक पडू शकतो. शके असेल तर 78 मिळवा. हिजरी सालाला इतकं सोपं गणित नाही, ते वर्ष चंद्राचं आणि लहान असतं. हिजरी 1300 म्हणजे 1882-83, एवढा अंदाज जवळ ठेवा.

दगड नसलेल्या कबरीही मोजा. नुसतं गोट्यांचं रिंगण असतं, बहुधा लहान मुलाचं. बाईच्या कबरीवर कधी "अमक्याची पत्नी" एवढंच असतं. ते नाव आता फक्त एखाद्या आजीला ठाऊक असतं. तिला घरी जाऊन विचारा. ती जे सांगेल ते वेगळ्या रकान्यात, "सांगोवांगी" म्हणून, तिच्या नावानिशी आणि तारखेनिशी लिहा. माझ्या दृष्टीने हा रकाना सगळ्यांत घाईचा आहे. दगड अजून दहा पावसाळे काढेल, आजीचा भरवसा नाही.

जमिनीच्या कामात आधी तलाठ्याकडून सातबारा घ्या आणि गट नंबर वहीवर लिहा. नोंद नसेल तर त्या समाजाच्या माणसांना पुढे करून महिला सभेत विषय मांडा. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी लागते आणि आपण ती सही करून उरकतो, ही आपलीच सवय. या वेळी नकाशा आणि फोटो घेऊन बसा, आणि ठरावाची नक्कल शिक्क्यानिशी मागून घ्या.

काही जणी विचारतात, ताई, याला निधी मिळतो का? कुंपण, रस्ता, पाण्याची सोय अशा कामांसाठी जिल्हा परिषदेच्या जनसुविधा योजनेतून दफनभूमीला पैसे मिळू शकतात, त्यासाठी ग्रामपंचायतीमार्फत प्रस्ताव द्यावा लागतो. वहीच्या कामाला मात्र एक वही, पाटी, आरसा आणि एका मोबाईलच्या पलीकडे खर्च नाही. फक्त फोटो मोबाईलमध्येच ठेवू नका, मोबाईल पाण्यात पडला की सगळं गेलं. वहीच्या तीन नकला काढा: एक त्या समाजाच्या विश्वस्तांना, एक ग्रामपंचायतीत पोच घेऊन, आणि एक आपल्या गटाच्या पेटीत, कर्जखात्याच्या वहीशेजारी.