घर भाड्यानं देताय? आधी कागद बघा!

‘काका, अकरा महिन्यांचं तर अ‍ॅग्रीमेंट... रजिस्ट्रेशन कशाला हवंय? पाचशेच्या स्टँप पेपरवर करून टाकू!’

दुसरा फ्लॅट घेऊन तो पहिल्यांदाच भाड्यानं देणाऱ्याच्या कानावर हे वाक्य हमखास पडतं. सांगणारा एजंट लबाडच असतो असं नाही. बऱ्याचदा त्यालाही तसंच ठाऊक असतं. काकांनाही दोन-अडीच हजार रुपये आणि एक हेलपाटा वाचल्याचं समाधान. सगळं सुरळीत चालतं तोवर ह्या कागदाकडे कुणी ढुंकून बघत नाही. भाडेकरू ‘मी घर सोडत नाही’ म्हणाला, की मात्र तोच कागद घेऊन वकिलाकडे धावावं लागतं, आणि तेव्हा कळतं की तो कागद फारसा उपयोगाचा नाही.

ह्या अकरा महिन्यांचं गौडबंगाल काय? १९०८च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. ती टाळायला देशभर अकरा महिन्यांची पळवाट रूढ झाली. पण महाराष्ट्रात ती चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ ह्याच्या कलम ५५नुसार लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि नोंदलेलाही हवा. मग मुदत अकरा महिन्यांची असो की पाच महिन्यांची. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची. ती टाळली, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून मोठी गोम पुढेच आहे... करार नोंदलेला नसेल, तर घर कोणत्या अटींवर दिलं ह्याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं. खोटं पाडायचं काम तुमचं!

कुलपांमागची भीती

आपल्या आधीच्या पिढीतली माणसं रिकाम्या घराला कुलूप लावून ठेवत, पण भाड्यानं देत नसत. ती भित्री होती म्हणून नव्हे. १९४७च्या मुंबई भाडे कायद्यानं जुन्या घरांची भाडी १ सप्टेंबर १९४०च्या पातळीवर गोठवली. गिरगाव-लालबागच्या चाळींमधली भाडी पिढ्यान्‌पिढ्या तीच राहिली. एवढ्याशा भाड्यात मालकाला दुरुस्ती परवडेना आणि इमारती खचत गेल्या. त्यावर तोड म्हणून लोक ‘भाडं’ शब्द टाळून ‘लायसन्स’वर जागा देऊ लागले. पण १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे असे लायसन्सवर राहत होते, त्यांनाही कायद्यातल्या बदलानं संरक्षित भाडेकरू ठरवलं. तात्पुरती दिलेली जागा कायमची गेली! त्या धक्क्यानंतर कितीतरी घरांना कुलपं लागली.

१९९९चा कायदा ३१ मार्च २००० रोजी लागू झाला आणि चित्र पालटलं. त्याच्या कलम २४नं मालकाला मोठा आधार दिला. राहण्यासाठी लायसन्सवर दिलेल्या घराची मुदत संपली की जागा सोडलीच पाहिजे. न सोडल्यास दुप्पट दरानं भरपाई, आणि दाद मागायला नेहमीच्या कोर्टाची लांबलचक वाट नव्हे, तर खास नेमलेला सक्षम प्राधिकारी. लेखी करारात जे लिहिलंय, ते ह्या प्रकरणात निर्णायक पुरावा मानलं जातं. एवढं कवच कायदा देतोय, आणि आपण पाचशेच्या स्टँप पेपरवर भागवतो.

नोंदणीचा खर्चही फार नाही. मुदतीतलं एकूण भाडं आणि परत करायच्या डिपॉझिटवरचं वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज, ह्या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क. १६ हजार भाडं, ५० हजार डिपॉझिट आणि अकरा महिने, म्हणजे जेमतेम साडेचारशे रुपये. शहरी भागात नोंदणी फी एक हजार. आधार कार्ड आणि अंगठ्याच्या ठशावर हे काम आता घरबसल्या होतं. एजंट किंवा वकील त्यावर स्वतःचे पैसे घेतात, ते आधी विचारून ठेवा.

आकडे काय सांगतात?

मुळात भाड्यासाठी घर घ्यावं का? समजा, फ्लॅट ६० लाखांचा आणि भाडं १६ हजार. वर्षाला १ लाख ९२ हजार, म्हणजे ३.२ टक्के. ऐकायला बरं वाटतं. आता त्यातून सोसायटीचे महिना अडीच हजार काढा, म्हणजे ३० हजार गेले. मालमत्ता कर ८ हजार. एक महिना घर रिकामं राहणार, १६ हजार. दर दोन वर्षांनी एजंटला एक महिन्याचं भाडं, म्हणजे वर्षाला ८ हजार. रंग, नळ, गीझर, १० हजार. हातात उरले १ लाख २० हजार... दोन टक्के! आणि ४५ लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी काढलं असेल, तर महिन्याचा हप्ता ३९ हजारांच्या घरात जातो. ‘भाड्यातून हप्ता फिटेल’ असं सांगणाऱ्याला हा हिशेब करून दाखवायला सांगा.

म्हणजे घर घेऊच नये का? तसं नाही. जागेची किंमत वाढेल, पुढे मुलांना उपयोगी पडेल, हे विचार खरेच आहेत. पण मग ते त्यासाठी घ्या, दरमहाच्या उत्पन्नासाठी नव्हे. निवृत्तीचे सगळे पैसे एका फ्लॅटमध्ये घालून भाड्यावर घर चालवायचा बेत असेल, तर दोनदा विचार करा.

प्राप्तिकरात थोडी सवलत मिळते. तुम्ही भरलेला मालमत्ता कर वजा करून उरलेल्या भाड्यावर सरसकट ३० टक्के वजावट असते, मग दुरुस्तीवर एक पैसा खर्च केलेला नसला तरी. भाडं महिना ५० हजारांवर असेल तर भाडेकरूनं त्यातून कर कापायचा असतो. १ ऑक्टोबर २०२४पासून हा दर २ टक्के झाला, त्याआधी तो ५ टक्के होता.

सोसायटी आणि पोलीस

‘आमच्याकडे भाडेकरू चालत नाहीत’, ‘एकटी मुलं-मुली नकोत’ असं सांगणारे कमिटीवाले सगळीकडे भेटतात. सोसायटीला कळवणं, कराराची आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत देणं तुमचं काम. कोणाला घर द्यायचं हे ठरवणं कमिटीचं नव्हे. भाडेकरू ठेवल्याबद्दल सोसायट्या जादा आकार लावत. १ ऑगस्ट २००१च्या सरकारी आदेशानं महाराष्ट्रात तो सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर बांधला गेला. बिलात त्याहून जास्त दिसलं, तर लेखी विचारा.

आडनाव, जात किंवा ताटातलं जेवण बघून भाडेकरू निवडणारे आपल्यातही कमी नाहीत. त्यापेक्षा नोकरीचं पत्र, पगाराची स्लिप आणि आधीच्या घरमालकाचा फोन नंबर मागावा. भाडं वेळेवर येईल का, हे त्यावरूनच कळतं.

एजंटांनो, तुम्हीही ऐका

ह्या धंद्यात नव्यानं उतरणाऱ्यांनी एक फरक समजून घ्यावा. २०१६च्या रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत प्रकल्पातले फ्लॅट विकून द्यायचे तर एजंटाला स्वतःची नोंदणी लागते, आणि महारेरानं प्रशिक्षण व परीक्षाही सक्तीची केली आहे. नुसतं भाड्याचं काम त्यात मोडत नाही. पण म्हणून ते वाटेल तसं करायचं काम नव्हे. दलाली किती, कोणाकडून आणि करार वाढवताना पुन्हा घेणार का, हे पहिल्या भेटीतच सांगा. डिपॉझिट स्वतःच्या खात्यात ठेवू नका, थेट मालकाच्या खात्यात जाऊ द्या. घरात पाणी दिवसातून एक तास येत असेल, तर तेही सांगा. तीन महिन्यांत सोडून गेलेला भाडेकरू परत तुमच्याकडे येत नाही, मालकही येत नाही.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्यांनी आपापल्या राज्याचा कायदा बघावा, इथले नियम तिथे लावू नयेत. दिल्लीत महिना साडेतीन हजारांहून जास्त भाड्याच्या घरांना १९५८चा भाडे नियंत्रण कायदा लागूच होत नाही. केंद्रानं २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा दिला. त्यात राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरतं ठेवलंय. पण हा नुसता नमुना. राज्यानं तो मंजूर केला तरच तिथे लागू.

किल्ली देताना

भांडणं बहुतेक घर सोडताना होतात, आणि तीही डिपॉझिटवरून. ‘भिंतीला खिळे तुम्ही मारलेत’, ‘नाही, ते आधीपासून होते!’ म्हणून किल्ली देण्याच्या दिवशी पंखे, ट्यूबलाइट, गीझर, कपाटं ह्यांची यादी करून दोघांनी सह्या कराव्यात. प्रत्येक खोलीचे आणि विजेच्या मीटरच्या आकड्याचे फोटो काढावेत. रंगाचा खर्च कोणाचा, मुदतीआधी सोडायचं तर किती दिवसांची नोटीस, भाडं दर वर्षी किती वाढणार, हे करारातच लिहून घ्यावं.

आणि भाडं थकलं म्हणून वीज-पाणी तोडायचं किंवा कुलूप बदलायचं मनातही आणू नका. प्रकरण उलटतं आणि पोलीस ठाण्यात खुलासा तुम्हालाच करावा लागतो. लेखी नोटीस द्या. मुदत संपल्यावरही जागा सुटत नसेल, तर नोंदलेला करार घेऊन सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करा. मुदत संपायच्या दोन महिने आधी ‘करार वाढवायचा की घर सोडायचं?’ हे भाडेकरूला लेखी विचारा. वाढवायचा असेल तर नवा करार करून पुन्हा नोंदवा. जुन्यावरच पुढे रेटत बसू नका.