प्लॅन वाढवून वाय-फाय लवकर उठत नाही

ठाकुर्लीत ९० फुटी रस्त्यावरच्या नव्या टॉवरमध्ये जा किंवा चोळेगावातल्या जुन्या इमारतीत, एक तक्रार जवळजवळ त्याच शब्दांत ऐकू येते. लॅपटॉपचं झाकण उघडलं, पडदा लगेच उजळला, पासवर्ड टाकला, पण वाय-फाय जोडलं जायला पंधरा-वीस सेकंद लागली. मीटिंगमधली मंडळी तोवर आपल्या नावाने हाका मारत होती. तक्रारीला जोडून निदानही तयारच असतं : “नेट स्लो आहे, प्लॅन वाढवायला हवा.” राउटर बघायला आलेला मुलगाही मान डोलावतो, “काका, ५० एमबीपीएसवर असंच होणार. २०० घ्या.” काका २०० घेतात. सिनेमे झकास चालतात. झाकण उघडल्यावरची पंधरा-वीस सेकंदं मात्र जिथल्या तिथे.

मोठा गैरसमज : झोपेतून उठल्यावर नेट उशिरा येतं, म्हणजे इंटरनेटचा वेग कमी आहे

नाही. घराची किल्ली सापडत नाही म्हणून दरवाजा रुंद करून घेण्यासारखं हे आहे. एमबीपीएस हा आकडा जोडणी झाल्यानंतर सेकंदाला किती माहिती येऊ शकते ते सांगतो. जोडणी व्हायला किती वेळ लागेल, याबद्दल तो चकार शब्द काढत नाही.

झाकण उघडल्यावर काय काय होतं ते क्रमाने पाहू. आधी लॅपटॉपचं वाय-फाय कार्ड जागं होतं आणि आपला राउटर कुठल्या चॅनेलवर आहे ते शोधतं. मग दोघांमध्ये ओळखपरेड होते. डब्ल्यूपीए-२ पद्धतीत पासवर्ड बरोबर असल्याची खात्री चार निरोपांच्या देवाणघेवाणीतून होते. त्यानंतर लॅपटॉप राउटरकडे स्वतःसाठी आयपी पत्ता मागतो, याला डीएचसीपी म्हणतात. इथवरचा सगळा व्यवहार तुमच्या घरातल्या घरात, लॅपटॉप आणि राउटर यांच्यात चालतो. ज्या फायबरचं तुम्ही महिन्याचं बिल भरता, तिच्याशी अजून कोणाचा संबंधही आलेला नसतो. राउटरमधून फायबर उपटून ठेवलीत, तरी लॅपटॉप वाय-फायला जोडला जाईल आणि त्याला पत्ताही मिळेल. विश्वास बसत नसेल तर करून पाहा, फुकट आहे.

हिशेबच हवा असेल तर तोही सोपा आहे. पासवर्ड-खात्रीचे चार निरोप प्रत्येकी शे-दोनशे बाइटांचे, पत्ता मागण्या-देण्याचे चार साधारण तीनशे बाइटांचे. सगळे मिळून जेमतेम दोन किलोबाइट. हे निरोप तुमच्या प्लॅनच्या वेगाने जातात असं घटकाभर धरलं, तरी ५० चे २०० एमबीपीएस केल्यावर वाचणारा वेळ सेकंदाचा चार हजारावा भाग. तेवढ्यासाठी दर महिन्याला जास्तीचे पैसे मोजायचे का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

मग ती सेकंदं जातात कुठे?

पहिली गळती : शोध

राउटर ‘मी इथे आहे’ असं सांगणारा संदेश, म्हणजे बीकन, साधारणपणे दर १०२.४ मिलिसेकंदांनी पाठवतो. लॅपटॉप प्रत्येक चॅनेलवर थोडा थांबून कानोसा घेतो. २.४ गिगाहर्ट्झच्या बँडमध्ये आपल्याकडे १३ चॅनेल आहेत, पण एकमेकांवर न चढणारे तीनच : १, ६ आणि ११. शेजारी शेजारी उभ्या असलेल्या आठ मजली इमारतींमध्ये घरटी एक राउटर धरा आणि ते सगळे या तिनांत वाटा. जुन्या सवयीने १ एमबीपीएसने बीकन पाठवणारा राउटर एका बीकनसाठी अडीच मिलिसेकंदांच्या आसपास हवा अडवतो. असे वीस राउटर एका चॅनेलवर आले की कोणी काहीही डाउनलोड न करताच निम्मा वेळ संपतो. त्या गर्दीत तुमच्या लॅपटॉपचा निरोप हुकतो, तो पुन्हा पाठवतो, तोही हुकतो. तुमचा प्लॅन इथे काय करणार? आणि शेजाऱ्याने प्लॅन वाढवला तर त्याचा तरी काय उपयोग?

५ गिगाहर्ट्झवर मोकळीक बरीच आहे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१८ मध्ये अधिसूचना काढून या बँडमधला ६०५ मेगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त केला. पण त्यातही एक मेख आहे. ५२ ते १४४ या चॅनेलांचा टापू रडारही वापरतात. म्हणून बरेच लॅपटॉप तिथे स्वतःहून हाक मारत नाहीत, बीकन कानावर पडेपर्यंत गप्प बसून राहतात. असे चॅनेल सोळा. प्रत्येकावर शंभर-एकशेदहा मिलिसेकंद थांबलं तर दीड-पावणेदोन सेकंदं नुसती ऐकण्यात जातात. राउटर ‘ऑटो’वर ठेवलेला असेल आणि तो स्वतःहून अशा चॅनेलवर जाऊन बसला असेल, तर काल पटकन जोडणारा लॅपटॉप आज रेंगाळतो आणि आपण मात्र कंपनीला शिव्या घालतो.

उपाय : राउटरच्या सेटिंगमध्ये ५ गिगाहर्ट्झसाठी ३६ ते ४८ पैकी एक चॅनेल पक्का करा. २.४ वर १, ६ किंवा ११ पैकी कमी गर्दीचा निवडा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा. ४० केलीत तर त्या चिंचोळ्या बँडचा निम्मा भाग तुम्ही एकट्याने अडवता आणि बदल्यात शेजाऱ्यांचा गोंधळही पदरात घेता.

दुसरी गळती : पत्ता

ही सगळ्यात कमी ओळखली जाणारी आणि आपल्या भागात सगळ्यात जास्त भेटणारी. लॅपटॉप झोपलेला असताना दुपारी दहा मिनिटं वीज जाते, राउटर बंद पडून पुन्हा सुरू होतो. कोणाला कुठला पत्ता दिला होता याची यादी बऱ्याच घरगुती राउटरांमध्ये तात्पुरत्या स्मृतीतच असते, ती पुसली जाते. इकडे लॅपटॉप जागा झाल्यावर भाबडेपणाने विचारतो, “माझा कालचाच पत्ता चालेल ना?”

आता डीएचसीपीचं मानक, म्हणजे मार्च १९९७ चं आरएफसी २१३१, काय म्हणतं पाहा. विचारणाऱ्याची नोंदच नसेल तर सर्व्हरने गप्प राहावं, असं त्यात बंधनकारक शब्दांत लिहिलं आहे. नकार नाही, होकार नाही, निव्वळ शांतता. लॅपटॉपने किती थांबावं तेही तिथेच आहे : पहिल्यांदा साधारण ४ सेकंदं, उत्तर नाही आलं तर पुढे ८. दोन्ही खेपा वाया गेल्या की १२ सेकंदं संपली, आणि त्यानंतर तो ‘मला नवा पत्ता द्या’ असं नव्याने विचारतो. काही संगणक याहून घाई करतात, काही राउटर मानक बाजूला ठेवून लगेच उत्तर देतात, म्हणून एकाच मजल्यावरच्या दोन घरांतला अनुभव वेगळा असतो. डीएनएसमास्क हे राउटरांमध्ये खूप वापरलं जाणारं सॉफ्टवेअर. त्यात ही कंटाळवाणी प्रतीक्षा टाळण्यासाठी वेगळा पर्याय ठेवावा लागला, यावरून दुखणं किती जुनं आहे ते कळावं.

ओळखण्याची खूण : लॅपटॉपचा आयपी पत्ता १६९.२५४ ने सुरू होताना दिसला, तर राउटरकडून पत्ता मिळालेला नाही आणि लॅपटॉपने स्वतःच तात्पुरता लावून घेतला आहे. उपाय : राउटरला छोटा १२ व्होल्टचा यूपीएस लावा. राउटरचा अडॉप्टर १२ व्होल्टचाच आहे ना, हे आधी त्याच्यावर वाचून घ्या. प्लॅन वाढवण्यापेक्षा हा खर्च एकदाच होतो आणि कामी येतो.

तिसरी गळती : लॅपटॉपची स्वतःची झोप

सगळे लॅपटॉप सारखे झोपत नाहीत. जुन्या पद्धतीच्या झोपेत, जिला एस-३ म्हणतात, वाय-फाय कार्ड जवळपास बंदच होतं आणि उठल्यावर सगळं पहिल्यापासून सुरू करतं. नव्या ‘मॉडर्न स्टँडबाय’ पद्धतीत पडदा काळा असला तरी जोडणी टिकवता येते. तुमचा कोणत्या जातीचा आहे ते विंडोजच सांगतं : कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’ ही आज्ञा ‘/ए’ जोडून द्या. जुन्या जातीचा असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये वाय-फाय कार्डाच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’ खाली वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करण्याची मुभा देणारी खूण काढून पाहा. नव्या जातीत हा भाग बहुधा दिसतच नाही, त्यामुळे तो शोधण्यात संध्याकाळ घालवू नका. वाय-फायचा ड्रायव्हर मात्र दोन्ही बाबतीत लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरूनच घ्या. ‘ड्रायव्हर अपडेटर’ नावाने फुकट मिळणारी सॉफ्टवेअरं घेऊ नका.

अंदाजपंचे नको असेल तर अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून ‘नेटश डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट’ ही आज्ञा द्या. विंडोज गेल्या ३ दिवसांचा वाय-फायचा अहवाल बनवून देतं. कधी झोपला, कधी उठला, कितव्या सेकंदाला जोडला, मध्ये कुठे अडला, सगळं त्यात असतं. एवढा पंचनामा हाताशी असताना लोक स्पीड टेस्टचा काटा बघत बसतात. तो काटा जोडणी झाल्यावरच हलतो हो!

रेल्वेच्या तारांचं काय?

हा खास आपल्याकडचा गैरसमज. ठाकुर्ली स्थानकाला लागून राहणाऱ्यांना कोणीतरी छातीठोक सांगतं की लोकल गेली की तारांमुळे वाय-फाय तुटतं. ज्या गावात रेल्वेचं स्वतःचं वीजघर होतं, तिथे सगळी खापरं रेल्वेच्या विजेवर फुटणं स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती अशी की त्या तारांत २५,००० व्होल्टचा प्रवाह असला तरी त्याची वारंवारिता ५० हर्ट्झ. तुमच्या वाय-फायची २.४ गिगाहर्ट्झ, म्हणजे सुमारे ४ कोटी ८० लाख पट. पेंटोग्राफच्या ठिणग्यांनी मीडियम वेव्हच्या रेडिओवर खरखर येते हे खरं, पण वारंवारिता चढत जाते तसा त्या ठिणग्यांचा जोर ओसरतो. आणि लोकल जर दोषी असती, तर लॅपटॉप उठतानाच नव्हे, चालू असतानाही दिवसभर दर काही मिनिटांनी नेट तुटलं असतं.

किरकोळ, पण चिवट

“मोबाइल झटकन जोडतो, म्हणजे लॅपटॉपच बिघडलाय.” मोबाइल मुळात तुटलेलाच नसतो. पडदा बंद असतानाही त्याचं वाय-फाय अधूनमधून राउटरचे बीकन ऐकत जोडलेलं राहतं.

“नेटवर्कचं नाव लपवलं की सुरक्षित आणि जलद.” दोन्ही चूक. लपवलेलं नाव लॅपटॉपला स्वतः पुकारून शोधावं लागतं, म्हणजे वेळ वाढतो आणि ते नाव तो तुमच्या ऑफिसात, लोकलमध्येही पुकारत हिंडू शकतो.

“सिग्नल फुल आहे, म्हणजे वाय-फाय ठीक आहे.” दांड्या आवाजाची उंची दाखवतात, आजूबाजूचा गलका नाही.

“फास्ट स्टार्टअप बंद करा.” ती सोय शटडाउननंतर चालू होण्यासाठी आहे, झोपेतून उठण्याशी तिचा संबंध नाही.

“५ गिगाहर्ट्झ म्हणजे ५जी.” एक घरातल्या राउटरचा बँड, दुसरी मोबाइल सेवेची पिढी. आकडा तेवढा सारखा.

“‘नो इंटरनेट’ दिसतंय, म्हणजे कंपनीचं नेट गेलं.” विंडोज मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरून २२ बाइटांची एक फाईल मागवून ही खात्री करतं. ती फाईल अडली की पाटी लागते, वेबसाइट कधी कधी उघडत असूनही.

“ऑफिसचं काम उशिरा सुरू होतं, वाय-फायच खराब.” ऑफिसच्या लॅपटॉपवर बहुतेकदा वाय-फाय केव्हाच जोडलेलं असतं, व्हीपीएन पुन्हा जोडायला वेळ घेत असतं. ब्राउझरमध्ये राउटरचं पान उघडून पाहा. ते उघडलं तर घरचं वाय-फाय निर्दोष.

मग प्लॅन कधीच वाढवायचा नाही का?

वाढवा की. घरात चार जण एकाच वेळी व्हिडिओ बघत असतील, ऑफिसच्या मोठ्या फायली चढवायला अर्धा तास लागत असेल, तर प्लॅन खरोखर अपुरा पडतो आणि तिथे पैसे सत्कारणी लागतात. फक्त ते ठरवण्याची वेळ चुकवू नका. झाकण उघडल्याच्या पहिल्या मिनिटात जे अडतं ते घरातलं. लॅपटॉप जोडला जाऊन दहा मिनिटं झाली, राउटर शेजारी ठेवला, आणि तरीही सगळं रडतखडत चालत असेल, तेव्हा स्पीड टेस्ट करा आणि आकडा घेऊन कंपनीला फोन लावा.