आपली पट्टी, आपले गाणे

ज्येष्ठ नागरिक संघाचा स्नेहमेळावा असो, कोजागरी असो वा नातवाचा वाढदिवस, हल्ली कराओकेचा माइक हातोहात फिरू लागतो आणि घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांपाशी येऊन थांबतो. "नको बाई, माझा आवाज कुठला!" हे उत्तर ठरलेले असते. ही केवळ नम्रता नव्हे. मुलगी दाखवण्याच्या कार्यक्रमात परीक्षेसारखे गावे लागलेले एक गाणे आणि त्यानंतर संसाराच्या गडबडीत कायमचा मिटलेला गळा, अशी अनेकींची कहाणी आहे. वयोमानाने माणसे दुरावतात, ऐकू कमी येते आणि घरातील बोलणेही आटते. अशा वेळी चारचौघांत मोकळेपणाने गाता येणे ही चैन राहत नाही. तो एकटेपणावरचा एक सोपा उतारा ठरतो.

वस्तुतः आपल्याकडील स्त्रिया कधी मुक्या नव्हत्याच. पहाटे जात्यावर दळताना त्यांनी रचलेल्या आणि गायिलेल्या ओव्या हेमा राईरकर व गी पॉइटवँ यांच्या प्रकल्पात एक लाखाहून अधिक संख्येने संग्रहित झाल्या आहेत. त्या गाणाऱ्यांपैकी कोणी गाण्याच्या शिकवणीस गेले नव्हते. ओवीची चाल मोजक्या स्वरांत फिरते, ओळ एका श्वासात मावते, तीच चाल पुन्हा पुन्हा येते आणि लय हाताच्या कामाची असते. सोपे गाणे कशाला म्हणावे, याची याहून चांगली व्याख्या सापडणे कठीण.

कराओकेचा जन्मही गायकांसाठी झालेला नाही. जपानमधील कोबे शहरात वादक दाइसुके इनोउए यांनी 1971 साली असे यंत्र तयार केले, ते हौशी गाणाऱ्यांना साथ मिळावी म्हणून. जपानी भाषेत या शब्दाचा अर्थ 'रिकामा वाद्यवृंद' असा होतो. ती रिकामी जागा आपल्या आवाजाने भरायची असते, मूळ गायिकेच्या नव्हे.

येथेच बहुतेकींची गल्लत होते. लताबाईंचे गाणे लावले की ते त्यांच्याच पट्टीत सुरू होते. ती पट्टी तरुणपणीही अनेकींना उंच पडत असे. रजोनिवृत्तीनंतर संप्रेरकांतील बदलांमुळे स्त्रियांचा आवाज सामान्यतः खाली उतरतो. पुढे स्वरतंतूंची लवचीकता आणि श्वासाचा साठाही कमी होतो. त्यामुळे वरच्या स्वराला आवाज फाटला, तर तो दोष गाणारीचा नसून पट्टीचा असतो.

यावर उपाय सोपा आहे. आधी साथीशिवाय, स्वयंपाकघरात गुणगुणतो तसे, गाणे आपल्या सोयीच्या उंचीवर म्हणून पाहावे. कराओकेच्या बहुतेक अ‍ॅपमध्ये पट्टी अर्ध्या-अर्ध्या स्वराने खाली-वर करण्याची सोय असते. सप्तकात असे बारा अर्धस्वर असतात. दोन-तीन अर्धस्वर उतरवल्यानेही पुष्कळ गाणी आटोक्यात येतात. त्याहून फार खाली नेल्यास वाद्यांचा नाद बेगडी वाटू लागतो; अशा वेळी दुसरे गाणे निवडावे.

गाण्याची पारख ध्रुवपदावरून करू नये. ध्रुवपद सहसा सोपे असते; खरी चढण अंतऱ्यात येते. म्हणून गाण्यातील सर्वांत उंच ओळ प्रथम म्हणून पाहावी. मान वर करावी लागली, भुवया चढल्या किंवा घसा आवळला, तर पट्टी उतरवावी. त्याचप्रमाणे संथ गाणे म्हणजे सोपे गाणे, हाही गैरसमजच. 'वह कौन थी' (1964) मधील 'लग जा गले' ऐकायला शांत वाटते. परंतु त्यातील लांबलेले स्वर आणि नाजूक मींड श्वासाची परीक्षा पाहतात. 'जिवलगा' हे आशाबाईंचे गाणे तर मुरलेल्या गळ्यांनाही सोपे जात नाही. मध्यम लयीची, तुटक ओळींची गाणी आरंभासाठी उत्तम.

काही उदाहरणे घेऊ. 'देवबाप्पा' (1953) या चित्रपटातील, पु. ल. देशपांडे यांनी संगीत दिलेले 'नाच रे मोरा' हे मुलांसाठीचे गाणे असल्याने त्याच्या ओळी आखूड आहेत, आणि नातवंडेही सोबत येतात. सुमन कल्याणपूर यांचे 'केशवा माधवा' भजनाच्या वळणाचे असल्याने सगळ्यांनी मिळून म्हणता येते. 'साधी माणसं' (1965) मधील 'ऐरणीच्या देवा' या गाण्याची लय ठाम आहे; मात्र पट्टी उतरवून घ्यावी. हिंदीत 'दिल अपना और प्रीत पराई' (1960) मधील 'अजीब दास्ताँ' याची चाल वळून वळून तीच येते, त्यामुळे एक कडवे जमले की पुढचे आपसूक जमते. यांतले एकही आवडत नसेल, तर घ्यायचे कारण नाही. विशी-पंचविशीपर्यंत कानांवर पडलेली गाणी मनात सर्वांत खोल रुजतात. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तींनाही पुष्कळदा तीच आठवतात. निवड तेथूनच करावी.

आता घरातल्यांसाठी दोन शब्द. पडद्यावरील हिंदी-मराठी शब्द बहुधा रोमन लिपीत आणि बारीक असतात. ते देवनागरीत, ठळक अक्षरांत कागदावर लिहून द्यावेत. सुरांपेक्षा 'कुठे सुरू करायचे' याचीच भीती अधिक असते. म्हणून वाद्यांचा तुकडा संपतो त्या ठिकाणी कागदावर खूण करावी आणि प्रत्यक्ष गाताना हलकीशी मान डोलवून इशारा द्यावा. मागे मूळ चाल बासरीवर किंवा पेटीवर वाजत राहील अशी साथ मिळाल्यास तीच घ्यावी. माइकचा घुमारा अगदी कमी ठेवावा; फार घुमाऱ्यात शब्द हरवतात आणि श्रवणयंत्र वापरणाऱ्यांना त्रास होतो. पहिल्यांदा एकटीला उभे करू नये. नणंद-भावजय, सासू-सून, मैत्रिणी अशा दोघी-तिघींनी मिळून म्हणावे. आणि मुख्य म्हणजे न विचारता चित्रफीत काढून ती कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर पाठवू नये. मोठ्या कष्टाने जमवलेला धीर एका हसऱ्या चिन्हानेही मोडतो.

प्रकृतीचे पथ्यही सांभाळावे. आरंभी पाच मिनिटे ओठ मिटून गुणगुणावे, मधूनमधून कोमट पाण्याचे घोट घ्यावेत. ताठ पाठीच्या खुर्चीत, पाय जमिनीला टेकवून बसून गाण्यात काहीही उणेपणा नाही. चक्कर येत असेल, दम लागत असेल किंवा नुकतीच डोळ्यांची वा पोटाची शस्त्रक्रिया झाली असेल, तर डॉक्टरांना विचारूनच गावे आणि जोर लावून वरचा स्वर काढू नये. आवाजातील घोगरेपणा तीन आठवड्यांहून अधिक टिकला, तर ते वयाचे लक्षण समजून सोडून न देता कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे.

एवढी तयारी झाली की एकच गाणे पंधरा दिवस रोज एकदा म्हणावे. नवे गाणे घेण्याची घाई नको. पंधरा दिवसांनी कोणी विचारलेच, तर "माझा आवाज कुठला" असे न म्हणता "माझी पट्टी जरा खाली लावा" एवढेच सांगावे. या एका वाक्यात संकोच नाही आणि गर्वही नाही. स्वतःच्या गळ्याची ओळख तेवढी आहे.