पोर शाळेत कसं येतं, हे बघणं शाळेचंही काम

सकाळी पावणेदहाला रस्त्याकडेच्या कुठल्याही हायस्कूलसमोर पाच मिनिटं उभं राहून बघा. एका मोटारसायकलवर टाकीवर एक अन् मागं दोन पोरं. पाठोपाठ वडाप जीप, मागच्या फळीवर दप्तरासकट लटकलेले चौघं. नववी-दहावीतला एखादा तर बापाची गाडी स्वतःच दामटत येतो. गेटसमोरच्या या झुंबडीतून चालत येणारी बारकी पोरं वाट काढतात.

‘दोन किलोमीटर तर जायचंय’ असं घरचे म्हणतात. पण मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आहे. अल्पवयीन पोराकडून गाडीवर गुन्हा घडला तर पालकाला किंवा गाडीमालकाला २५ हजार रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गाडीची नोंदणी १२ महिने रद्द होते आणि पोराला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन मिळत नाही.

नुसत्या धाकानं मात्र काही होत नाही. एसटी वेळेवर नसेल तर पोरानं यायचं कशानं? इथंच शाळेचं काम सुरू होतं. राज्याच्या २०११ च्या स्कूल बस नियमांनुसार शाळेत परिवहन समिती असावी लागते. मुख्याध्यापक अध्यक्ष, सोबत पालकांचा प्रतिनिधी, पोलीस आणि आरटीओचे अधिकारी. बऱ्याच ठिकाणी ही समिती फायलीतच असते. ‘आमच्याकडं स्कूल बसच नाही’ असं उत्तर मिळतं. बस नाही म्हणून बैठक घ्यायला कुणी अडवलेलं नाही.

पहिलं काम यादीचं. कोण कुठल्या वस्तीवरून, किती लांबून, कशानं येतो? वर्गशिक्षकानं हजेरी घेताना विचारलं तरी एका दिवसात कळतं. मग जवळची पोरं चालत, चार-पाच किलोमीटरवरची सायकलनं आणि लांबची एसटीनं, असा हिशेब बसतो.

या यादीचा खरा उपयोग आगारात होतो. ‘विद्यार्थ्यांचे हाल होत आहेत, बस सोडावी’ अशा अर्जांचा आगारात ढीग असतो. पण ‘या तीन गावांतून सकाळी नऊ ते साडेनऊच्या दरम्यान इतकी मुलं, त्यात इतक्या मुली, शाळा इतक्या वाजता सुटते’ असं आकड्यानिशी लिहून दिलं, तर आगार व्यवस्थापकाला फेरीची वेळ मागंपुढं करायला आधार मिळतो. बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत आहे, बाकी विद्यार्थ्यांना तिकिटाचा तिसरा हिस्सा भरावा लागतो. २०२४ च्या जूनपासून पास शाळेतच द्यायची मोहीम एसटीनं घेतली, पण यादी शाळेनंच द्यायची असते. मानव विकास कार्यक्रमातल्या १२५ तालुक्यांत मुलींसाठी निळ्या बस आहेत, आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसेही मिळतात.

बस चुकली तर पोरगा कुणाच्याही गाडीला हात करतो. पोरगी घरी परत येते. असं आठवड्यातून दोनदा झालं की घरात ‘शाळा बास’ अशी बोलणी सुरू होतात, अन् पुढं लग्नाची.

चालत येणाऱ्यांसाठी खर्च काहीच नाही. एका वस्तीवरच्या पोरांनी एकत्र निघायचं, मोठ्यांनी पुढं-मागं राहायचं, सोबत आळीपाळीनं एक पालक. फूटपाथ नसलेल्या रस्त्यावर उजव्या कडेनं चालायचं, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. कारखाने सुरू झाले की उसाच्या ट्रॉल्या रस्ता व्यापतात आणि थंडीत सकाळी धुकं असतं. तेव्हा दप्तराला चमकणारी पट्टी चिकटवलेली बरी. सायकलवाल्यांना उन्हात गाडी लावावी लागू नये म्हणून चार पत्र्यांचं शेड पुरतं.

आणि गेटसमोरची गर्दी? आणायला आलेल्या गाड्या शंभर पावलं अलीकडं थांबवायच्या आणि चालत व सायकलनं जाणाऱ्यांना दहा मिनिटं आधी सोडायचं. ठराव शाळा व्यवस्थापन समितीत होऊ शकतो. पुढच्या पालक सभेत परिवहन समितीची शेवटची बैठक कधी झाली, एवढं इतिवृत्त मागून बघा.